नियम मोडल्यावर काय? मुलांच्या क्लबातली आणि शिबिरातली शिस्त

आमच्या पहिल्या शिबिरात भिंतीवर २७ नियम होते. आदल्या रात्री पाच जणांनी बसून लिहिलेले, सुवाच्य अक्षरात, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आमचा सर्वांत नवा कार्यकर्ता, १९ वर्षांचा दादा, एका मुलाला सांगत होता, "आता पुन्हा भिंतीवर चेंडू मारलास ना, तर घरी पाठवीन." मुलाने चेंडू काखेत धरला आणि म्हणाला, "दादा, हे तुम्ही सहाव्यांदा म्हणताय."

पोरगं आगाऊ होतं खरं, पण त्याची मोजदाद बरोबर होती. घरी पाठवायचा अधिकार दादाला नव्हताच. पालकांचे फोन नंबर माझ्या वहीत, वही माझ्या पिशवीत आणि मी दुसऱ्या इमारतीत. चेंडू मारला तर नेमकं काय करायचं, हे २७ पैकी एकाही ओळीत नव्हतं. दादाच्या हाती उरला होता तो फक्त आवाज, आणि तो दर वेळी एक पट्टी वर चढत होता.

त्या दिवसापासून कुठल्याही क्लबाची, वर्गाची, शिबिराची नियमावली हातात आली की मी एकच गोष्ट बघते. हा नियम मोडला गेला आणि तिथे सर्वांत नवखा माणूस एकटा असला, तर पुढच्या दोन मिनिटांत तो काय करेल? उत्तर सापडलं नाही तर तो नियम खोडलेला बरा.

आधी नियम लिहू

पोहण्याच्या तलावावर "काठावर पळू नका" अशी पाटी असते. ती वाचून पळणारा एक जण थांबतो आणि लंगडी घालत पुढे जातो. त्याने नियम मोडला का? वाद घालायला आठ वर्षांचं मूल कुठल्याही वकिलाला भारी पडतं. "काठावर चालायचं" असं लिहिलं की लंगडी, उड्या, सरपटणं सगळंच बाद. नकारातली सूचना ऐकल्यावर मुलाला दोन कामं पडतात. काय करायचं नाही ते समजून घ्यायचं आणि त्याऐवजी काय करायचं ते स्वतः शोधायचं. लहान मुलं पहिल्या कामावरच थांबतात. म्हणून जमेल तिथे करायचं ते सांगावं. सगळीकडे जमत नाही, आणि ओढूनताणून जमवूही नये. "कुणाला मारायचं नाही" हे तसंच स्वच्छ राहू द्यावं. "हातांचा उपयोग प्रेमाने करू या" असलं लिहिलं की मोठी मुलं फिदीफिदी हसतात.

दुसरी अडचण मोघमपणाची. "नीट वागा", "मोठ्यांचा मान राखा" हे फलकावर छान दिसतं, पण एका ताईला उलट प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा वाटतो आणि दुसरीला तेच चौकसपणाचं लक्षण वाटतं. मुलांना हा फरक पहिल्या दोन दिवसांत कळतो आणि ती त्याचा पुरेपूर वापर करतात. साधी कसोटी अशी: दोन मोठी माणसं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून एकच प्रसंग बघत असतील, तर नियम मोडला की नाही यावर दोघांचं एकमत होईल का? "दुसरा बोलत असताना आपण ऐकायचं" यावर होतं. "आदराने वागा" यावर होत नाही.

इथे स्काउट चळवळीचं उदाहरण आठवतं. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं आणि १९०८ मध्ये स्काउटचे नियम छापून आले. सुरुवातीला ते नऊ होते, दहावा पुढे आला. बहुतेक नियमांचा सूर "अमुक करू नकोस" असा नाहीच, "स्काउट प्राण्यांचा मित्र असतो" अशा धाटणीचा आहे. वाचणाऱ्याला त्यात स्वतःचं चित्र दिसतं. तरीही खरं सांगायचं तर ही मूल्यं झाली. त्यांतून आपण कसं व्हायचं ते कळतं, खेळ संपल्यावर चेंडू कुठे ठेवायचा ते कळत नाही. दोन्ही लागतं, फक्त एकाच फलकावर नको.

किती नियम? ताईला आणि दादाला न बघता म्हणता येतील तितके. आमचे २७ चे पाच झाले, आणि त्यासाठी फार डोकं चालवावं लागलं नाही. प्रत्येकापुढे "का?" लिहिलं. काहींपुढे उत्तर आलं "कुणाला इजा होईल म्हणून", काहींपुढे "कुणाला वाईट वाटेल म्हणून", काहींपुढे "सगळ्यांना पाळी मिळावी म्हणून". आणि तब्बल अकरा नियमांपुढे प्रामाणिक उत्तर आलं, "आम्हाला कटकट होते म्हणून". ते अकरा गेले, उरलेल्यांतले सारखे नियम एकत्र केले.

मुलांना विचारायचं का?

"नियम मुलांनीच ठरवावेत" हे वाक्य आजकाल सर्रास ऐकू येतं. अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, हे मुलांच्या वयावर ठरतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे गोट्या खेळणाऱ्या मुलांपाशी बसले, त्यांच्याशी खेळले आणि विचारत राहिले: हे नियम कुणी केले? बदलता येतील का? १९३२ मध्ये त्यांनी मांडलेलं निरीक्षण मजेशीर आहे. लहान मुलांना नियम म्हणजे वरून आलेली, कधीच न बदलणारी गोष्ट वाटते. मात्र प्रत्यक्ष खेळताना तीच मुलं नियम बिनदिक्कत वाकवतात आणि त्यांच्या ते ध्यानातही येत नाही. साधारण दहाव्या वर्षाच्या पुढे उलटा प्रकार दिसतो. नियम म्हणजे आपापसातला करार, सगळ्यांनी मान्य केलं तर बदलता येतो, हे त्यांना उमगतं, आणि मग ती तो कसोशीने पाळतातही. लहान मुलं शिक्षा सुचवताना जास्त कडक होतात, हेही पियाजे यांनी नोंदवलं आहे.

त्याचा अनुभव हवा असेल तर सात वर्षांच्या मुलांना विचारून बघा, पाळी मोडून पुढे घुसणाऱ्याचं काय करायचं. आमच्याकडे "वर्षभर खेळू द्यायचं नाही" पासून बोली सुरू झाली आणि "कायमचं" वर थांबली. सुचवणाऱ्यांत स्वतः रोज घुसणारे दोघे होते.

म्हणून मी विषय वाटून घेते. सुरक्षेचे नियम मोठ्यांचे. तलावात एकट्याने उतरायचं की नाही यावर मतदान होत नाही. वागण्याचे आणि पाळ्यांचे नियम मुलांसोबत, आणि मूल दहा-अकराचं झालं की त्याला न विचारता हे ठरवणं हा त्याचा अपमानच. परिणाम काय व्हायचा याची वरची मर्यादा मात्र मोठ्यांनी आखायची, कारण मुलं न्यायनिवाड्यात फार निर्दय असतात.

विचारण्याचा फायदा नुसता मन राखण्यापुरता नाही. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जन्मभर एका प्रश्नाचा पाठपुरावा केला: जंगल, कुरण, मासेमारीचं पाणी, कालवा अशा सामाईक गोष्टी काही ठिकाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या नीट सांभाळतात, ते कसं? टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. नियम ज्यांना लागू, त्यांना तो बदलताना बोलता येतं. देखरेख करणारे त्याच लोकांपैकी किंवा त्यांना जबाबदार असतात. पहिल्या चुकीची शिक्षा हलकी असते आणि पुढे वाढत जाते. भांडण मिटवायला जवळची, झटपट आणि स्वस्त जागा असते. शेताच्या पाण्याची पाळी काय आणि क्लबातल्या एकुलत्या एक टेबल टेनिसच्या टेबलाची पाळी काय, गाऱ्हाणी सारखीच असतात.

मोठी शिक्षा की नक्की शिक्षा?

इटलीच्या चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच म्हणून ठेवलं होतं की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिचा क्रूरपणा नव्हे. ते बोलत होते राज्यांच्या कायद्याबद्दल, पण आमच्या दादाच्या बाबतीत हे तंतोतंत लागू होतं. "घरी पाठवीन" ही फार मोठी शिक्षा, आणि ती मिळण्याची शक्यता शून्य. उलट "चेंडू दहा मिनिटं माझ्याकडे" ही अगदी किरकोळ गोष्ट, पण ती पहिल्याच वेळी, लगेच, न ओरडता होते. दुसरी चालते. पहिलीने मुलाला आकडे मोजायला शिकवलं.

याहून वाईट म्हणजे अधूनमधून होणारी शिक्षा. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली: दर वेळी फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा कधी मिळतं, कधी नाही अशी सवय सुटायला जास्त अवघड असते. चार वेळा डोळेझाक आणि पाचव्या वेळी आरडाओरडा, असं चाललं की मूल शिकतं ते एवढंच: प्रयत्न करत राहा, पाचांत चारदा जमतं. सोमवारच्या ताईकडे चालतं आणि मंगळवारच्या दादाकडे चालत नाही, यातूनही तेच घडतं. म्हणून जो नियम तुमच्या सगळ्या माणसांना दर वेळी पाळून घेता येणार नाही, तो करूच नये.

धाक जास्त दाखवला तर? १९६५ मध्ये अमेरिकेत जोनाथन फ्रीडमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांना काही खेळणी दिली; त्यांतला बॅटरीवर चालणारा रोबो सगळ्यांत झकास. काही मुलांना बजावलं, "त्याला हात लावलास तर मी खूप चिडेन, मग काहीतरी करावं लागेल." काहींना फक्त सांगितलं, "त्याच्याशी खेळणं बरोबर नाही." मोठं माणूस बाहेर गेल्यावर दोन्ही गटांतल्या बहुतेकांनी हात लावला नाही. इथवर धमकी आणि साधी सूचना सारख्याच. गंमत पुढे झाली. सुमारे सहा आठवड्यांनी दुसऱ्याच व्यक्तीने त्या मुलांना पुन्हा त्या खोलीत नेलं आणि या वेळी कसलीच मनाई केली नाही. कडक धमकी मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलं रोबोशी खेळली. साध्या सूचनेच्या गटात हे प्रमाण एक-तृतीयांशाहूनही कमी होतं. धमकीवाल्याला थांबायला बाहेरचं कारण होतं; ते माणूस गेलं, कारणही गेलं. दुसऱ्याने "मी का थांबलो?" याचं उत्तर स्वतःपाशीच शोधलं असावं.

पैशाच्या दंडाबद्दल तर वेगळंच सांगायला हवं, कारण पालक उशिरा न्यायला येतात तेव्हा प्रत्येक समितीत कुणीतरी म्हणतंच, "दंड लावा, सुतासारखे सरळ येतील." उरी निझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत हे तपासलं. सहा ठिकाणी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक कमी झाले नाहीत, काही आठवड्यांत जवळजवळ दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला तरी संख्या खाली आली नाही. २००० मध्ये हे प्रसिद्ध झालं. आधी उशीर झाला की ताई आपल्यासाठी थांबलीय याची लाज वाटायची. दंडाने तिच्या थांबण्याला दर लावला, आणि दर भरल्यावर लाज कशाची? एकदा विकली गेलेली लाज दंड उठवल्यावरही परत आली नाही.

पायऱ्या

फुटबॉलची पिवळी आणि लाल कार्डं १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात प्रथम दिसली. त्याआधी १९६६ मध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात ताकीद कुणाला मिळाली, कुणाला नाही, याचा मैदानावर गोंधळच होता. केन ॲस्टन या इंग्लिश पंच-अधिकाऱ्याला मग रस्त्यावरच्या सिग्नलवरून ही कल्पना सुचली. कार्डाची खरी करामत रंगात नाही. पुढची पायरी कोणती हे खेळाडूला, पंचाला आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही आधीपासून ठाऊक असतं. पंचाला चिडावं लागत नाही, भाषण द्यावं लागत नाही. १९ वर्षांच्या दादाला नेमकं हेच हवं असतं.

एक प्रसंग जवळून बघू. बुद्धिबळाचा वर्ग. नऊ वर्षांचा मुलगा हरत आलाय आणि एका फटक्यात तो पट उधळतो. सोंगट्या चहूकडे, समोरची मुलगी रडवेली, बाकीच्या पटांवरच्या माना वर.

पहिला मोह असतो लांबूनच "ए, काय चाललंय!" असं ओरडण्याचा. त्याने अख्ख्या वर्गाचं लक्ष त्याच्यावर जातं आणि आता त्याला माघार घेतली तर नामुष्की वाटते. ताई तसं करत नाही. ती चालत जाते, त्याच्या शेजारी बसते, समोर उभी राहत नाही. आवाज नेहमीपेक्षा खाली.

"हरायला आलं की फार राग येतो."

तो गप्प.

"राग चालतो. पट उधळणं चालत नाही. सोंगट्या गोळा करायच्यात. आत्ता करतोस, की पाच मिनिटं खिडकीपाशी बसून मग करतोस?"

"तिने चीटिंग केलं!"

"ते मला नंतर सांग, मी ऐकणार आहे. आधी सोंगट्या. आत्ता की पाच मिनिटांनी?"

आणि ताई उठून जाते. हे उठून जाणं फार महत्त्वाचं. समोर कुणी टक लावून उभं असेल तर मूल हार मानत नाही. पाठ फिरली की दोन मिनिटांत खाली वाकून सोंगट्या वेचायला लागतं. तो खिडकीपाशी बसला, तरी पाच मिनिटांनी सोंगट्या त्यानेच उचलायच्या. ताईने त्या उचलून ठेवल्या तर सगळंच मुसळ केरात. मग ती त्याचं "चीटिंग" प्रकरण ऐकते, कारण तसं वचन दिलंय. कधीकधी ते खरंही निघतं.

यात ताईने काय केलं नाही तेही बघा. "असं का केलंस?" विचारलं नाही, नऊ वर्षांच्या मुलाला त्या क्षणी ते माहीत नसतं आणि उत्तराच्या नावाखाली तो काहीतरी रचतो. "सॉरी म्हण" असा आग्रह धरला नाही. जबरदस्तीच्या सॉरीने मुलगी निवत नाही, नीट मांडलेल्या पटाने निवते. आणि शिक्षा चुकीशी जोडलेली होती: उधळलं, तर आवर. पट उधळल्याबद्दल उठाबशा काढायला लावल्या तर मूल उठाबशा शिकतं. शारीरिक शिक्षेबद्दल वेगळं सांगायला नको. स्वीडनने तर १९७९ मध्येच घरातल्या मारासकट ती कायद्याने बंद केली.

हाच मुलगा दुसऱ्यांदा असं करतो तेव्हा पायरी चढायची: त्या दिवसाचा पुढचा डाव नाही. तिसऱ्यांदा घरच्यांशी बोलणं, मुलासमोर, आणि तक्रारीच्या सुरात नको. हरताना त्याला घरी काय मदत होते ते विचारायचं. त्यानंतर काही दिवस बंद. छोट्या चुकांचा हिशेब रोज संध्याकाळी पुसायचा. कालची ताकीद आज मोजायची नाही, नाहीतर मंगळवारपर्यंत मूल शेवटच्या पायरीवर पोचतं आणि मग त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. मारहाण, जाणूनबुजून धोका निर्माण करणं, एकाला हेरून सतत छळणं या गोष्टी मात्र पहिल्या पायरीवरून सुरू होत नाहीत, आणि हेही आधीच सांगून ठेवलेलं असावं.

किशोरवयीन मुलांसाठी एक जादा खबरदारी. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमवर दाखवून दिलं की बरोबरीचे मित्र बघत असतील तर १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असतानापेक्षा खूप जास्त धोका पत्करतात; मोठ्यांवर तसा परिणाम फारसा होत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर दटावणं म्हणजे त्याच गेममध्ये त्याला बसवणं. "जरा ही खुर्ची उचलायला ये" म्हणून बाजूला न्यावं आणि तिथे बोलावं.

दादा खोलीबाहेर गेला की

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आयोवा इथे दहा वर्षांच्या मुलांचे चार छोटे क्लब चालवले, प्रत्येकात पाच मुलं. क्लबांचे मोठे प्रमुख दर सहा आठवड्यांनी बदलत आणि वागण्याची तऱ्हाही. एक तऱ्हा हुकूम सोडण्याची, दुसरी चर्चेने ठरवण्याची, तिसरी सगळं मुलांवर सोडून देण्याची. १९३९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. हुकूमशाही गटात काही मुलं भांडकुदळ झाली, काही अगदी थंड; आणि एखाद्याला बळीचा बकरा करून सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडण्याचे प्रकार घडले. प्रमुख खोलीबाहेर गेला की या गटाचं काम झपाट्याने घसरायचं. चर्चेच्या गटात तो असला काय नि नसला काय, फार फरक पडत नसे. अवघ्या वीस मुलांचा प्रयोग, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण मुलांसोबत काम केलेल्या कुणालाही हा खोलीबाहेरचा क्षण ओळखीचा वाटेल. शिवाय "सगळं तुमच्यावर" हा तिसरा प्रकार म्हणजे लोकशाही नव्हे, हेही याच क्लबांत दिसलं. मुलांना विचारणं वेगळं आणि अंग काढून घेणं वेगळं.

काढून टाकण्याआधी

शेवटच्या पायरीवर घाई होते ती बहुतेक पालकांच्या दबावाने. "त्या मुलाला काढा, नाहीतर आमची काढतो." चूक केली की थेट बाहेर, अशा शून्य-सहनशीलतेच्या धोरणांचा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिदलाने आढावा घेतला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार या धोरणांनी शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही. मूल काढावं लागतच नाही असं नाही. पण आधी दोन जुनी न्यायतत्त्वं पाळायची: ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐकून घ्यायचं, आणि ज्याची तक्रार आहे त्याने निवाडा करायचा नाही. ज्या दादाला मूल उलट बोललं, तोच दादा निर्णयाच्या बैठकीत मत देऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलमही हेच सांगतं: मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, आणि वयानुसार त्याला वजन मिळालं पाहिजे.

हे टोकापर्यंत नेऊन दाखवलं ते यानुश कोर्चाक यांनी. पेशाने डॉक्टर, १९१२ पासून वॉर्सामध्ये ज्यू अनाथ मुलांचं घर चालवत. तिथे मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच, त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नाही अशांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. कायद्याची पहिली ९९ कलमं माफीची किंवा प्रकरण सोडून देण्याची: त्याला कळलं नव्हतं म्हणून, पहिल्यांदाच घडलं म्हणून, त्याला वाईट वाटतंय म्हणून. शंभराव्या कलमापासून माफी संपते, पण तिथेही न्यायालय फक्त "तू हे केलंस" एवढंच म्हणतं. पुढे शेकड्याच्या पायऱ्या, आणि घरातून काढून टाकण्याचं कलम थेट १००० वं. कोर्चाक यांनी अर्ध्या वर्षात पाच वेळा स्वतःला या न्यायालयापुढे उभं केलं: एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एकाला शयनगृहाबाहेर काढलं म्हणून, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नात्झींनी त्या घरातली सुमारे २०० मुलं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली. कोर्चाक त्यांच्यासोबत गेले.

मोठ्यांचे नियम

कोर्चाक आपल्याला झेपणार नाहीत. पण मोठ्यांसाठी एक वेगळा कागद तरी हवा, आणि तो मुलांनाही दिसावा. एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत फोन नाही. मुलाच्या शरीरावर, घरावर, जातीधर्मावर विनोद नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून पोटच्या पोराला ओरडणाऱ्या पालकालाही ताकीद, तीही हलक्या आवाजात, बाजूला घेऊन.

आणि एक गोष्ट या सगळ्या पायऱ्यांच्या बाहेरची. मोठ्या माणसाने मुलाला त्रास दिल्याचा, लैंगिक छळाचा किंवा घरी मार बसत असल्याचा संशय आला तर ती शिस्तीची बाब राहत नाही. क्लबाने स्वतः चौकशी करायची नाही, मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. मुलाने जे शब्द वापरले तेच लिहायचे आणि त्याच दिवशी पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचं. अनेक देशांत हे कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून आतल्या आत मिटवलेली प्रकरणंच पुढे वर्षानुवर्षं मुलांना भोवतात.

शेवटी नोंदवही. कंटाळवाणी वस्तू आहे, पण तिच्यावाचून चालत नाही. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कुणी काय केलं. "नेहमीप्रमाणे दंगा" असं लिहायचं नाही; "खुर्ची ढकलली, खुर्ची पडली, कुणाला लागलं नाही" असं लिहायचं. दुसऱ्या शिबिरानंतर आम्ही ती वही घेऊन बसलो तेव्हा कुठल्या मुलावर लक्ष ठेवायला हवं याची यादी करायचं ठरलं होतं. नावं वेगवेगळी निघाली. वेळ मात्र तीच: २३ पैकी १४ नोंदी दुपारी साडेतीन ते चारच्या. त्या अर्ध्या तासात आम्ही ४० मुलांना एका खोलीत बसवून दुसऱ्या दिवसाच्या सूचना देत होतो. पुढच्या वर्षी सूचना सकाळी दिल्या आणि साडेतीनला मुलांना मैदानावर सोडलं. चेंडू मारायला तिथे भिंत होती, आणि ती मारण्यासाठीच होती.